दोन नळ्यांतलं रक्त

अहो,

तुमच्याशी मोकळेपणानं बोलायला मला सोलापूरची बस लागायची. घरात ते कधी जमलं नाही. आता घर शांत आहे, आत्याबाई पलीकडच्या खोलीत पडून आहेत, कुणी ऐकेल याची धास्ती नाही. आणि उत्तर द्यायला तुम्ही नाही.

तेरावा होऊन गेला. माणसं पांगली. जो तो येऊन तुमच्याविषयी बोलून गेला. मास्तरांची भूमिती, मास्तरांचं अक्षर, मास्तरांचा रागसुद्धा. मी पदर तोंडाला लावून ऐकत बसले. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण ते सगळे गावाचे मास्तर होते. माझ्या वाट्याला आलेले तुम्ही वेगळे होता, आणि ते सांगायला माझ्याजवळ तुमच्याशिवाय कुणी नाही.

लग्न होऊन तेरला आले तेव्हा तुम्ही मला नीट पाहिलं होतं की नाही, देव जाणे. आत्याबाई ओसरीवर बसलेल्या असायच्या आणि त्यांच्यादेखत आपण बोलायचं नाही, ही घराची रीत. ताटात काय हवं-नको ते तुम्ही आईला सांगायचा, मग आत्याबाई मला सांगायच्या. मला हाक मारायची झाली तर नुसतं खाकरायचा. पाच वर्षं मी त्या खाकरण्याची बायको होते. तुम्ही वाईट नव्हता. रागावला नाहीत, हात उचलला नाहीत. पण मला तुमच्याविषयी जे ठाऊक होतं, ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

मग त्या दिवशी फळ्यावर त्रिकोण काढताना तुमच्या हातातला खडू पडला. उचलायला वाकलात आणि तसेच कलंडलात. घोंगडीत घालून तुम्हाला घरी आणलं. उजवा हात लुळा पडला होता, तोंड एका बाजूला ओढलं होतं, आणि जीभ अशी जड झाली होती की 'आई' म्हणता येत नव्हतं. आत्याबाईंनी मीठमिरची उतरवली, तुळजाभवानीला नवस बोलल्या, आणि मग गावातल्या लोकांनी तुम्हाला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं.

तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. आत्याबाईंना विचारलं, "लहानपणी यांना सांधे सुजून ताप आला होता का?"

"व्हय की. लई आला हुता. गुडघं असं टम्म फुगलं हुतं. जगतो का मरतो असं झालं हुतं."

"त्याच तापानं हृदयातली एक झडप आकसली. रक्त तिथं तुंबतं, त्याची गुठळी होते. तसलीच एक बारीक गुठळी मेंदूकडं गेली."

मग त्यांनी गोळ्या दिल्या. रक्त गोठू न देणाऱ्या. समजावून सांगताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आत्याबाईंकडं नाही, हे मला अजून आठवतं. गोळी कमी पडली तर पुन्हा गुठळी होईल. जास्त झाली तर रक्त आतल्या आत वाहील, थांबणार नाही. मधल्या चिंचोळ्या वाटेनं चालायचं. आणि त्या वाटेवर आहोत की नाही हे कळायला दर पंधरवड्याला सोलापूरला येऊन रक्त तपासायचं, त्यावर पुढची गोळी ठरायची.

"किती दिवस?" मी विचारलं.

"जन्मभर," डॉक्टर म्हणाले.

हळूहळू तुमची वाचा परत आली. हातात ताकद आली, जरा थरथर राहिली तेवढी. पण तुम्हाला एकटं पाठवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तुम्हाला भाऊ नाही. आत्याबाईंना बस लागते, धाराशिव यायच्या आत दोनदा ओकतात. राहिले मी. आत्याबाईंनी भाकरी बांधून दिली, शेंगाची चटणी दिली आणि म्हणाल्या, "जा बाई, संग जा त्याच्या. हात धर म्हणला तर धर. रस्त्यात लाजू नकू."

धाराशिवला बस बदलली. सोलापूरची गाडी सुटली, गाव मागं पडलं, आणि तुम्ही खिडकीकडं तोंड करून मला विचारलंत, "भूक लागली का?"

इतक्या वर्षांत तुम्ही मला थेट विचारलेली ही पहिली गोष्ट. भूक नव्हती. तरी मी लागली म्हणाले.

त्या बसनं मला नवरा दिला हो. तुम्ही बोलायचात! मला वाटलं नव्हतं इतकं बोलायचात. तुमचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालं, मग राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या, आणि तुम्हाला कोन, जीवा, व्यास हे सगळे शब्द पोरांच्या आधी एक दिवस स्वतः पाठ करावे लागले. वर्गात मराठीत बोलायचं आणि मनात उर्दूत मोजायचं. हे तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं, मास्तरांना शब्द अडतो असं पोरांना वाटू नये म्हणून. पाऊस पडून गेला की पांढरीच्या, गावाच्या जुन्या वस्तीच्या मातीत जुने मणी, खापराचे तुकडे वर येतात, ते तुम्ही खिशात घालून आणायचा. त्यातला एक शंखाचा मणी तळहातावर ठेवून मला म्हणालात, "हा कुणा बाईच्या गळ्यात असेल. हजार वर्षांपूर्वी की दोन हजार, कुणास ठाऊक. ती पण धुणं धुवायला तेरणेवरच जात असणार." तुळजापूर आलं की बसमधली सगळी माणसं देवीकडं हात जोडायची. तुम्हीही जोडायचा, आणि लगेच आजूबाजूला बघायचा, कुणी पाहिलं का म्हणून. मी पाहायचे.

आणि मोमीनभाई. ते नसते तर तुम्ही त्या सुईला इतके दिवस हात दिला नसता. दवाखान्यात रक्त तपासायचं काम त्यांचं. मूळचे नळदुर्गचे, पांढरी दाढी, गळ्यात दोरीनं अडकवलेलं बटणाचं घड्याळ. पहिल्याच दिवशी तुमचं उर्दू ऐकलं आणि खूश झाले. तुम्ही दोघं गप्पा मारत बसायचा आणि रक्त काढून झालं तरी तुम्हाला कळायचं नाही.

मला ते काम बघायला आवडायचं. रक्त न गोठण्याच्या औषधात ते झेलायचे, यंत्रात घालून गरगरा फिरवायचे. लाल खाली बसायचं आणि वर गवती चहासारखं पिवळसर पाणी राहायचं. ते पाणी एका नळीत घेऊन कोमट पाण्याच्या भांड्यात धरायचं. मग त्यात सशाच्या मेंदूपासून केलेलं औषध घालायचं. ससे दवाखान्याच्या मागं पिंजऱ्यात असायचे. शेवटी चुन्याच्या जातीतलं आणखी एक पाणी घातलं की घड्याळाचं बटण दाबायचं आणि नळी कलती करत राहायची. कलती करायची, सरळ करायची. एकाएकी त्या पाण्यात एक बारीक धागा दिसायचा, विरजण लागल्यासारखा. धागा दिसला की घड्याळ बंद.

पण नुसत्या तुमच्या रक्तावरून काही कळत नाही, म्हणाले मोमीनभाई. औषध रोज सारख्या जोराचं नसतं. म्हणून शेजारी एका धडधाकट माणसाचं रक्त तसंच तपासायचं आणि त्याच्याशी ताडून बघायचं. दवाखान्यातला कंपाउंडर त्यासाठी हात पुढं करायचा. एकदा तो तापानं घरी होता. मोमीनभाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला म्हणाले, "भाभी, थोडा खून तुमचा दिये तो चलता क्या?"

"तिचं कशाला?" तुम्ही एकदम म्हणालात. "मी पुढच्या वेळी येतो."

मी हात पुढं केला होता. मोमीनभाईंनी नळीवर चिकटवायला कागदाची पट्टी घेतली आणि तुम्हाला विचारलं, "नाम?"

तुम्ही क्षणभर थांबलात. मग म्हणालात, "सिंधू. सिंधू लिहा."

मला सुई टोचलेली कळली नाही. तुमच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. ते तुम्हाला येत होतं, याचंच मला नवल वाटलं.

त्यानंतर कंपाउंडर बरा झाला तरी रक्त माझंच. मोमीनभाई एका नळीवर तुमचं नाव लावायचे, एकीवर माझं, आणि शेजारीशेजारी त्या कोमट पाण्यात उभ्या करायचे. तुम्ही पुढं वाकून हळूच मोजायचा, बारा, तेरा, चौदा, उर्दूत. माझा धागा तेरा-चौदाला यायचा. तुमचा त्याच्या दुपटीच्या आसपास आला की डॉक्टर खूश. "हिचं रक्त लई हट्टी आहे, मोमीनभाई," तुम्ही म्हणायचा, "लगेच धरून बसतं." घरी कधी थट्टा केली नाहीत. तिथं मात्र रोगी म्हणून बसलेले असताना करायचा.

आत्याबाईंना मी रक्त देते हे कळलं तेव्हा त्या माझ्यावर चिडल्या. "एक तर घरात माणूस आजारी, त्यात तू अंगातलं रगात वाटत फिर!" पण त्या संध्याकाळी माझ्या ताटात तुपाची धार तुमच्यापेक्षा जास्त होती. त्यांचं सगळं प्रेम ताटातूनच येतं. तुम्ही अशक्त झालात म्हणून त्यांनी एकदा पंधरा दिवस दोन्ही वेळा मेथी, चाकवत, शेपू असा पाला खाऊ घातला आणि त्या खेपेला तुमचा धागा माझ्याइतक्याच लवकर आला. डॉक्टर घाबरले. "काय खाताय?" म्हणाले. त्यांनी पालेभाजी बंद करू नका, रोज सारखीच खा, असं सांगितलं. आत्याबाईंनी घरी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "असला कुठं डाक्टर असतो का? भाजी जास्ती खाऊ नका म्हणतो!" पण दुसऱ्या दिवसापासून तुमची भाजी त्या स्वतःच्या हातानं मोजून वाढायला लागल्या. एक पळी, ना कमी ना जास्त. माझ्यावरसुद्धा त्यांचा विश्वास नव्हता.

आता आपलं भांडण. ते तसंच राहिलं. त्याचं काय करू?

डॉक्टरांनी सांगितलं होतं की मुंबईला एक शस्त्रक्रिया होते. छाती उघडतात, हृदयात बोट घालून आकसलेली झडप मोकळी करतात. सगळेच वाचत नाहीत, पण वाचले ते बरे होतात. "तुम्ही तरुण आहात, विचार करा," म्हणाले. मी त्याच दिवशी विचार केला. तुम्ही मात्र आज नाही उद्या करत राहिलात. आधी मॅट्रिकची पोरं, मग आईचं कोण बघणार, मग गोळ्या लागू पडल्यात ना, मग कशाला. प्रत्येक खेपेला तुळजापूरच्या पुढं मी तो विषय काढायचे आणि प्रत्येक खेपेला तुम्ही मला खापरं दाखवायचा.

शेवटच्या खेपेला मी ऐकलं नाही. म्हटलं, खापरं ठेवा आत. मुंबईला कधी जायचं ते सांगा.

तुम्ही खापरं खिशात टाकलीत. मग म्हणालात, "समज, गेलो. समज, बराही झालो. मग सोलापूरला कशाला यायचं आपण?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे." तुम्ही बसच्या बाकावरून हात फिरवलात. माझ्या आणि तुमच्या मधल्या तेवढ्याशा जागेवरून.

मला काय झालं कुणास ठाऊक. लाज वाटायला हवी होती, आनंद व्हायला हवा होता. मी भडकले. चारचौघांत आवाज चढवला. "तुम्हाला बसची हौस आणि इथं मी जीव मुठीत धरून जगते! तुम्ही जगलात तर मी घरात बोलेन तुमच्याशी. आत्याबाईंच्या समोर बोलेन. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. असं कधी बघितलं नव्हतंत. म्हणालात, "बघू."

बस्स. धाराशिव येईपर्यंत आपण गप्प होतो. त्या 'बघू'चा अर्थ काय होता हो? रोज वेगळा अर्थ लावते. कधी वाटतं, तुम्ही कबूल झाला होता. सुट्टीत जाऊ, असं म्हणणार होता. कधी वाटतं, नुसतं मला गप्प करायला म्हणालात.

त्यानंतर मी तुळजापूरला माहेरी गेले, भावाच्या मुलीच्या बारशाला. तुम्हीच म्हणालात, जा. शाळेत स्नेहसंमेलन होतं, तुम्ही दिवसभर उन्हात उभे होता. डोकं दुखायला लागलं. आत्याबाईंना तुमचं दुखणं बघवत नाही. त्यांनी दुकानातून डोकेदुखीची पुडी आणली, पाण्यात कालवून दिली. तुम्हाला बरं वाटलं. पुन्हा दुखलं, पुन्हा दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. गावात घरोघरी घेतात ती पुडी. तापाला घेतात, अंग दुखलं तर घेतात. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

मी परत आले तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसला होता. चूळ भरली ती तांबडी. दंडावर जांभळे डाग. डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. मला बघून हसायचा प्रयत्न केलात आणि म्हणालात, "आलीस? बरं झालं." आत्याबाईंच्या समोर. थेट माझ्याशी.

ढोकीकडून रिकामा येणारा ट्रक मिळाला, त्यानं धाराशिव गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि इथं काही होणार नाही, ताबडतोब सोलापूरला न्या म्हणाले. जीप केली. पुढं आत्याबाई, मागं तुमचं डोकं माझ्या मांडीवर. त्या दिवशी आत्याबाईंना गाडी लागली नाही. तुमची वाचा आधीच गेली होती. तुमच्या डाव्या हातात माझं बोट होतं आणि ती मूठ एकदा घट्ट व्हायची, एकदा सैल. तुळजापूर मागं पडलं, घाट लागला, आणि मूठ सैल झाली ती झाली. मी आत्याबाईंना सांगितलं नाही. दवाखान्याच्या दारात जीप थांबेपर्यंत त्या पुढं बसून देवीचं नाव घेत होत्या आणि मी मागं तुमचे केस सारखे करत होते.

आज मी सोलापूरला जाऊन आले. तुमची तपासणीची पाळी होती. मोमीनभाईंना कुणी सांगितलं नसेल, ते नळ्या धुऊन वाट बघत बसतील, एवढंच डोक्यात होतं. एकटी गेले. आत्याबाई अडवतील असं वाटलं होतं. त्यांनी न बोलता भाकरी बांधून दिली.

मोमीनभाईंनी माझं कपाळ बघितलं आणि त्यांना कळलं. स्टुलावर बसले, दोन्ही हात तोंडावर धरले. मग मलाच पाणी आणून दिलं. तिथं बार्शीची एक बाई आली होती, तिचीही झडप आकसलेली, तिलाही त्याच गोळ्या सुरू केलेल्या. कंपाउंडर रजेवर होता. मोमीनभाई मला काही म्हणाले नाहीत, म्हणणारही नव्हते. मीच दंडावरचा पदर बाजूला केला. कोमट पाण्यात माझी नळी उभी राहिली आणि शेजारी एका अनोळखी बाईची. मला ते बघवेना. धागा यायच्या आधी मी बाहेर आले.

बाहेर डॉक्टर भेटले. त्यांनी सगळं विचारून घेतलं. "गोळ्यांशिवाय आणखी काही घेतलं होतं का?" मी पुडीचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

"त्या पुडीनं रक्तस्राव वाढतो," ते म्हणाले. "या गोळ्यांबरोबर ती घ्यायची नसते. हे कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"न्हाय."

"सांगायला हवं होतं आम्ही." त्यांनी चष्मा काढला. "पण तिच्यामुळंच झालं असं म्हणता येत नाही, बाई. तिच्याशिवायही झालं असतं. नक्की कुणीच सांगू शकणार नाही."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीजवळ बसले. शेजारी कुणीतरी बाई येऊन बसली, तिच्या मांडीवर कोंबडी होती. मला रडता आलं नाही.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते. आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या, चूल पेटवलेली नव्हती. तुम्ही गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका म्हणत होत्या, म्हातारी दगड झाली. मी पाय धुऊन आत आले. त्यांनी वर न बघता विचारलं,

"काय म्हणला डाक्टर?"

"काही न्हाय, आत्याबाई. झडपच खराब होती म्हणाले."

मग फार हळू म्हणाल्या, "त्या पुडीनं न्हाय ना गं काय झालं? म्या दिली हुती. एकदा न्हाय, लई डाव दिली."

त्यांना ठाऊक होतं हो. कुणी सांगितलं नव्हतं तरी इतके दिवस त्या तेवढाच एक विचार करत बसल्या होत्या.

"न्हाय, आत्याबाई," मी म्हणाले. "मी विचारलं डॉक्टरांना. पुडीचा काही संबंध न्हाय म्हणाले. उलट तेवढंच बरं वाटलं असेल म्हणाले त्यांना."

"खरं?"

"तुमच्या गळ्याची शपथ."

तेव्हा त्या रडल्या. माझ्या कुशीत तोंड खुपसून, लहान पोरीसारख्या. मीही रडले. घाटात नव्हते रडले, तिरडी उचलली तेव्हा नव्हते, आज रडले. मग मी चूल पेटवली, पिठलं केलं. अर्धी भाकरी मी कालवून भरवली तेव्हा खाल्ली त्यांनी. आत्ता झोपल्यात.

मी खोटं बोलले की खरं, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. पण माझ्या छातीवर ते दगडासारखं आहे आणि ते मला कुणाजवळ उतरवता येणार नाही. फक्त तुमच्याजवळ. म्हणून हे सगळं बोलले.

आता एक ऐका माझं. मुंबईचं ऐकलं नाहीत, हे तरी ऐका. आत्याबाई थकल्यात, आज ना उद्या त्या तुमच्याकडं येतील. आल्या आल्या तुमच्या तोंडावरून हात फिरवतील आणि हेच विचारतील, मला चांगलं माहीत आहे. तेव्हा तुम्हीही 'न्हाय' म्हणा. 'बघू' म्हणू नका.